बूट मागवले, हातमोजे आले, आणि बँक म्हणे ‘पोहोचलं ना!’

पैसे परत मिळून चार महिने झाले, तरी बँकेचा तो ईमेल आठवला की डोकं तापतं. ‘कुरिअरच्या नोंदीनुसार वस्तू पोहोचली आहे, सबब आपला दावा बंद करण्यात येत आहे.’

मी नाशिकची. इथल्याच महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली ‘रॅम’ (रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) पूर्ण केली तेव्हापासून सायकलचं वेड डोक्यात होतं. यंदा पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची ठरवली. साडेतेरा तासांत संपवायची असते. त्यासाठी क्लीटचे, म्हणजे तळाच्या पट्टीने पेडलमध्ये अडकणारे, बूट हवे होते. दुकानात दहा हजारांच्या पुढे किंमत, आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात आली : ‘दुकान बंद करत आहोत, शिमानोचे बूट २,८९९ रुपये’. क्रेडिट कार्डाने पैसे भरले. अकराव्या दिवशी एक चपटं पाकीट आलं. आत लोकरीचे हातमोजे.

त्याच संध्याकाळी १९३० ला फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. अडलं ते बँकेत.

बँकेच्या ॲपमध्ये पैसे परत मिळवण्याचा दावा लावताना कारण निवडावं लागतं. बूट आले नव्हते, म्हणून मी ‘वस्तू मिळाली नाही’ निवडलं. इथेच फसले. असे फसवे विक्रेते मुद्दाम काहीतरी हलकंफुलकं पाठवतात, म्हणजे कुरिअरचा क्रमांक तयार होतो आणि ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद पडते. बँक तेवढीच नोंद बघते. दावा बंद.

मग कस्टमर केअर. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. एकाने विचारलं, “मॅडम, पार्सल तुम्हीच घेतलंत ना?” “घेतलं, पण त्यात बूट नव्हते.” “म्हणजे मिळालं ना!” शाखेत गेले तर म्हणाले, कार्डाचं काम इथे होत नाही, फोन करा. फोनवर म्हणाले, शाखेत जा. एकोणीस दिवस असे गेले. माझी चूक नव्हती आणि तरी मीच खोटं बोलतेय असं मला वाटायला लावलं, हे मला आजही सहन होत नाही.

वाट आईने दाखवली. “अगं, पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, ते तर बघ.” कुरिअरच्या लेबलवर होतं ०.१० किलो. सायकलच्या बुटांची जोडी खोक्याशिवायच अर्ध्या किलोच्या आसपास भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हातमोज्यांसकट पाकीट ठेवलं, ९० ग्रॅम. काट्याचा फोटो, लेबलचा फोटो आणि ऑर्डरचा ईमेल जोडून नवा दावा लावला. या वेळी कारण ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’. बँकेच्या नोडल अधिकाऱ्यालाही (तक्रारी वरच्या पातळीवर बघणाऱ्या) तेच पाठवलं आणि स्पष्ट लिहिलं, की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. सहाव्या दिवशी रक्कम तात्पुरती जमा झाली, पुढच्या महिन्यात कायमची.

म्हणून पाकीट फेकू नका, त्यावरचं लेबल फाडू नका. शक्य तर उघडतानाच व्हिडिओ काढा. आणि ऑर्डर देताना त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. मी दावा लावेपर्यंत ते पानच गायब झालं होतं. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा दाव्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण पहिल्याच दिवशी कळवा. यूपीआयने पैसे दिले असते तर हा रस्ता मला कितीतरी अवघड गेला असता.

त्या साइटवर जीएसटी क्रमांक होता, तो मी नंतर तपासला, आधी तपासायला हवा होता. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता शोधता येतो. पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक, पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. यांचा पत्ता पुण्याचा आणि क्रमांक ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा! नोंदणी एका धान्य व्यापाऱ्याच्या नावावर. ‘२००८ पासून सेवेत’ असं लिहिलेलं, आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो. इथे फक्त एक जीमेल.

आणि साइझ! खरंच माल संपवणाऱ्या दुकानात ३८ किंवा ४७ असे सुटे नंबर उरतात. यांच्याकडे प्रत्येक बूट, प्रत्येक नंबरात हजर. क्लीट दोन बोल्टचं की तीन बोल्टचं, हेसुद्धा पानावर कुठे लिहिलेलं नव्हतं. बूट विकणारा माणूस हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

गेल्या आठवड्यात तेच फोटो आणि तीच किंमत वेगळ्या नावाच्या साइटवर दिसली. सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित साइट कळवायची सोय आहे, तिथे तो नवा पत्ताही टाकला.