भिंत तीच, दर्जा नवा

घरमालकाचा मेल आला तेव्हा मी त्रिमूर्तीनगरला आमच्या गच्चीवर, बाबांसोबत उन्हात संत्री सोलत बसले होते. ग्रेनोबलमधलं माझं भाड्याचं घर 'एफ'वरून 'ई'वर चढल्याची बातमी होती. घरात साधा खिळाही बदललेला नाही. 1 जानेवारी 2026 पासून हिशेब तेवढा बदलला.

फ्रान्समध्ये घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं तर डीपीई नावाचा दाखला लागतो. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात ना, तसा तिथं अख्ख्या घराला 'ए' ते 'जी' दर्जा. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती ऊर्जा लागेल, यावर तो ठरतो. पण विजेचं युनिट तिथं एक धरत नाहीत. गॅसचं एक ते एकच. विजेचं एक म्हणजे 2021 पर्यंत 2.58, मग 2.3 आणि आता 1.9. माझ्या घराची हिशेबानं 150 युनिटं निघतात. गुणिले 2.3 म्हणजे 345, म्हणून 'एफ'. गुणिले 1.9 म्हणजे 285, म्हणून 'ई'.

हा गुणाकार कशासाठी, हे बाबांना सांगावंच लागलं नाही. त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात गेली. "कोळशाच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा तारेत येतो, बाकी सगळी हवेत न् पाण्यात," ते म्हणाले. फ्रान्सची बहुतेक वीज अणुभट्ट्यांची; पण तिथंही वाफेवरच टर्बाइन फिरते आणि दोन हिस्से उष्णता वायाच जाते.

फरक एवढाच की तिथं कोराडीसारखा धूर नाही. डीपीईत कार्बनचाही वेगळा दर्जा असतो आणि दोहोंतला जो वाईट, तोच घराला लागतो. विजेवर तापणारं घर कार्बनमध्ये सहज पास व्हायचं आणि गुणाकारात मार खायचं. युरोपीय संघाच्या 1.9 या आकड्याशी फ्रान्सनं आपला आकडा जुळवला, हे मला योग्यच वाटतं. गॅस जाळणाऱ्या घराला त्यापुढे झुकतं माप मिळायला नको होतं.

पण माझी भिंत? खिडकीखाली जुना विजेचा हीटर आहे. फ्रेंच लोक त्याला टोस्टर म्हणतात. तो लावला की डोक्याजवळची हवा तापते आणि पाय गारच राहतात. पलंग बाहेरच्या भिंतीला लागून आहे. सकाळी उशीचा त्या बाजूचा कोपरा दमट लागतो, आणि गादीमागे बुरशीचा हाताएवढा काळा डाग दर हिवाळ्यात परत येतो. एका युनिटात तीन युनिटांची ऊब देणारा हीट पंप बसवता येतो, भिंतीला आतून उष्णता धरून ठेवणारा थर देता येतो. दोन्हीला खर्च आहे.

'जी' दर्जाची घरं 2025 पासून नव्यानं भाड्यानं देता येत नाहीत. 'एफ'वर 2028 मध्ये बंदी येईल, 'ई'वर 2034 मध्ये. म्हणजे मालकाला कागदावरच सहा वर्षं मिळाली. याच मालकानं मागच्या वर्षी भिंतीच्या कामासाठी कारागिराकडून दर मागवला होता. या मेलमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

मी उत्तर लिहायला घेतलं. बाबांनी चष्मा लावला, मोबाइल जवळ ओढला. "आधी विचार त्याला," ते म्हणाले, "मीटरवरचे युनिट किती कमी झाले?"