'ओ'सुद्धा चालत नाही तेव्हा

आज काकूच्या रक्तासाठी रक्तपेढीत बराच वेळ बसलो होतो. गट माहीत, पिशवी तयार, तरी क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून जुळतं का ते पाहणं) झाल्याशिवाय देत नाहीत. शेजारचे काका वैतागले, "गट जुळतोय ना, मग उशीर कशाला?"

याचं उत्तर आपल्या मुंबईनंच दिलंय. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगापुढे मांडला. या माणसांच्या तांबड्या पेशींवर ए-बी हे अँटीजेन (गट ठरवणाऱ्या खुणा) नसतातच, पण ओ गटाकडे असणारं एच अँटीजेनही नसतं. वरवरच्या तपासणीत ती 'ओ'च दिसतात. ओ रक्त चढवलं तर अंगातली अँटी-एच प्रतिद्रव्यं त्या पेशी फोडतात, जिवावर बेततं. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आणि असे लोक भारतात साधारण १० हजारांत एक! क्रॉसमॅचमध्ये ही गडबड पकडली जाते. काकांना हे सांगितलं, तेही गप्प ऐकत राहिले.

पिशवी लावताना सिस्टरनं काकूलाच नाव विचारलं, नंबर दुसऱ्या सिस्टरकडून ताडून घेतला. पहिली पंधरा मिनिटं ती खाटेजवळून हलली नाही. फार धीर आला, खरंच.