नव्या लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकत होती: दोष कसा शोधला, माझा अनुभव

मशीन असं: १४ इंची फुल एचडी पॅनेल, ६० हर्ट्झ, प्रोसेसरमधलंच इंटेल आयरिस एक्सई ग्राफिक्स, विंडोज ११. पहिल्या तीन दिवसांत तीन गोष्टी दिसल्या. काळ्या पार्श्वभूमीवरून पांढऱ्या पानावर गेलं की उजेड आपोआप सावकाश बदलायचा. मजकूर वाचताना स्क्रीन मध्येच क्षणभर लुकलुकायची. आणि अधूनमधून खालच्या भागात रंगीत आडव्या रेघा उमटायच्या. सुरुवातीला मी हा एकच दोष धरला, त्यामुळे कुठलीच चाचणी नीट जुळेना. तिन्ही लक्षणं वेगळी केल्यावरच उलगडा होऊ लागला.

त्यासाठी वहीत चार रकाने केले: वेळ, चार्जर लावलेला की बॅटरीवर, समोर काय उघडं होतं, झाकण हलवलं होतं का. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. उजेड बदलणं आणि लुकलुकणं फक्त बॅटरीवर होतं. रेघांना बॅटरीशी देणंघेणं नव्हतं, त्या झाकण हलवल्यावरच येत होत्या.

पडद्यावरचं चित्र एका साखळीतून येतं. प्रोग्रॅम ते तयार करतो, ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांना जोडणारा प्रोग्रॅम) आणि ग्राफिक्स चिप ते मेमरीत मांडतात, तिथून एक बारीक केबल बिजागरीजवळून वर पॅनेलकडे जाते, आणि पॅनेलवरचा टायमिंग कंट्रोलर ते पिक्सेलपर्यंत पोचवतो. प्रत्येक चाचणीने ही साखळी कुठेतरी तोडून बघायची असते. विंडोज नव्याने टाकणं ही चाचणी नव्हे. त्यात अर्धा दिवस जातो, दोषाचं कारण कळत नाही आणि पुरावाही पुसला जातो.

पहिली चाचणी टास्क मॅनेजरची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीची. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून तो उघडायचा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि टास्क मॅनेजर स्थिर असेल, तर संशय एखाद्या प्रोग्रॅमवर. तोही बरोबरीने लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर किंवा त्याच्या पुढचं काहीतरी. माझ्याकडे सगळंच लुकलुकत होतं.

दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची. रेघा दिसत असतानाच स्क्रीनशॉट घेतला आणि तो फोनवर पाठवून तिथे पाहिला. चित्र स्वच्छ होतं. म्हणजे मेमरीतलं चित्र बरोबर आहे, बिघाड त्यानंतरच्या टप्प्यात. स्क्रीनशॉटमध्येही रेघा आल्या असत्या तर मी ड्रायव्हरकडे आणि रॅमकडे वळलो असतो, कारण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरतं.

तिसरी चाचणी एचडीएमआयने दुसरा मॉनिटर जोडण्याची. तो पूर्ण स्वच्छ राहिला. इथे गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी सावध राहावं. त्यात दोन ग्राफिक्स चिप असतात, आणि पुष्कळदा लॅपटॉपचा पडदा एकीला, एचडीएमआय दुसरीला जोडलेला असतो. मग बाहेरचा मॉनिटर स्वच्छ दिसला तरी पहिली चिप निर्दोष ठरत नाही.

चौथी, माझ्या मते सगळ्यांत मोलाची चाचणी: बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, मशीनमध्येच बसवलेला प्रोग्रॅम. लॅपटॉप सुरू होताना एफ२ (काहींत एफ१०, डिलीट किंवा एस्केप) दाबून बायोसच्या पानावर जायचं आणि दहा मिनिटं तिथेच थांबायचं. तिथे विंडोज नसतं, विंडोजचा ड्रायव्हरही नसतो. झाकण सरळ उभं असताना पान स्वच्छ होतं. हळूहळू मागे झुकवत नेलं, तर साधारण १२० अंशांवर त्याच रंगीत रेघा आल्या, पुढे घेतलं की गेल्या. रेघांचा प्रश्न हार्डवेअरचा, हे इथे नक्की झालं. लुकलुकणं मात्र बायोसमध्ये एकदाही दिसलं नाही.

म्हणून लुकलुकण्याकडे वेगळं पाहिलं. व्हिडिओ चालू असताना ते कधीच होत नव्हतं. स्थिर पान वाचताना, आणि त्यातही माउस हलवला की होत होतं. ही पॅनेल सेल्फ रिफ्रेशची खूण. चित्र बदलत नसेल तर ग्राफिक्स चिप वीज वाचवायला पॅनेलकडे चित्र पाठवणं थांबवते आणि पॅनेल स्वतःच्या छोट्या मेमरीतलं चित्र दाखवत राहतं. माउस हलला की जोडणी पुन्हा जागी होते. त्या क्षणी दोघांचा मेळ चुकला की पडदा लुकलुकतो. स्क्रीनशॉटमध्ये हे सापडत नाही, कारण मेमरीतलं चित्र ठीकच असतं.

इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये सिस्टीम, मग पॉवर, तिथे बॅटरीच्या विभागात पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद केलं. लुकलुकणं थांबलं. त्याच पानावर डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज बंद केल्यावर उजेड बदलणंही थांबलं. चित्र गडद असेल तर मागचा दिवा मंद करून वीज वाचवणारी ही सोय आहे, तो बिघाड नव्हेच. तरीही उजेड बदलत राहिला, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ब्राइटनेसखाली पडद्यावरच्या चित्रानुसार उजेड बदलण्याचा पर्याय असतो, तोही बंद करावा. एका वेळी एकच बदल करायचा आणि निदान अर्धा दिवस बघायचं. दोन्ही एकदम बंद केले असते तर कशाने काय थांबलं ते कळलंच नसतं.

ड्रायव्हरही तपासला. नव्या मशीनवर पहिल्या आठवड्यात विंडोज अपडेट गुपचूप ड्रायव्हर बदलतं, त्यामुळे पहिल्या दिवशी चांगली असलेली स्क्रीन तिसऱ्या दिवशी बिघडू शकते. अपडेट हिस्टरीत ड्रायव्हर अपडेट्स बघावेत. तारीख जुळली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सच्या प्रॉपर्टीजमधून रोल बॅक करावं, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणावा. नवा ड्रायव्हर टाकायचा असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरचा, आपल्या मॉडेलसाठी दिलेला घ्यावा. सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाण्याआधी किंवा बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. विंडोज ११ च्या कितीतरी मशीनवर एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू असतं, आणि की नसली तर स्वतःच्याच फाइलींना मुकावं लागतं.

राहिल्या रेघा. झाकणाच्या कोनावर ठरणारा दोष म्हणजे केबल किंवा तिचा जोड, क्वचित पॅनेल. केबल बिजागरीजवळ वळते, कारखान्यात ती थोडी ताणली गेली किंवा कनेक्टर पूर्ण बसला नाही तर असंच होतं. यूट्यूब बघून स्वतः उघडायचा मोह होतो, पण नव्या मशीनला हात लावू नये. याच केबलमधून मागच्या दिव्याची वीजही जाते. बॅटरी न काढता ती ओढली तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडू शकतो, आणि मग वॉरंटीचा वाद वेगळाच.

सर्व्हिस सेंटरसाठी साधारण ४० सेकंदांचा सलग व्हिडिओ केला: आधी तळाचा सीरियल नंबर, मग बायोसचं पान, मग झाकण मागेपुढे. व्हिडिओ घेताना ब्राइटनेस १०० टक्के ठेवावा. कमी उजेडाला पुष्कळ पॅनेलचा दिवा वेगाने चालू-बंद होत असतो, त्यामुळे फोनच्या व्हिडिओत काळे पट्टे दिसतात आणि समोरचा माणूस त्यालाच दोष समजतो. तक्रारीत एवढंच लिहिलं: ‘बायोसमध्ये, झाकण १२० अंशांवर असताना खालच्या भागात रंगीत रेघा, बाहेरचा मॉनिटर स्वच्छ, स्क्रीनशॉट स्वच्छ.’ ‘स्क्रीन खराब आहे’ असं लिहिलं की पहिलं उत्तर हमखास ‘फॉरमॅट करून बघा’ असंच येतं.

बिलावरची बदलीची मुदत पहिल्याच दिवशी वाचावी. ऑनलाइन खरेदीत ती बऱ्याचदा फक्त ७ दिवसांची असते, आणि तक्रार मुदतीत लेखी नोंदवलेली हवी. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बदलून आलेल्या मशीनवर आधी बायोस उघडला, झाकण सगळ्या कोनांतून वीस वेळा फिरवलं. रेघा नाहीत. मग विंडोजमध्ये बॅटरीवर तासभर स्थिर पान ठेवून माउस हलवत राहिलो, तेव्हा लुकलुकणं पुन्हा दिसलं, कारण सेल्फ रिफ्रेश नव्या मशीनवरही चालूच होतं. ते तिथेही बंद केलं आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला की ते पुन्हा चालू करून तासभर पाहतो.