एमएस, स्मरणशक्ती आणि एक लांबलेली तपासणी

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचे निदान झाल्यापासून प्रत्येक भेटीत विचारणा व्हायची ती चालण्याची, तोल जाण्याची आणि दृष्टीची. औषधांनी चालणे स्थिर झाले, परंतु चारजण एकाच वेळी बोलू लागले की विषयाचा धागा सुटणे, ओळखीचा शब्द ऐन वेळी न सुचणे आणि नुकतीच दिलेली सूचना पुन्हा विचारावी लागणे, हे तसेच राहिले. हे सांगितल्यावर न्यूरॉलॉजिस्टांनी मला न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवले.

एका चाचणीत कागदाच्या वरच्या भागात नऊ चिन्हे आणि त्यांचे अंक दिलेले होते. खालच्या ओळींतील चिन्हे पाहून ९० सेकंदांत जमतील तितके अंक तोंडी सांगायचे होते. दुसरीत १६ शब्दांची यादी मला पाच वेळा वाचून दाखवली, दर वेळी आठवतील ते शब्द म्हणायला सांगितले आणि बऱ्याच वेळाने पुन्हा विचारले. माझे अंक बहुतेक बरोबर होते, पण संख्येने कमी. शब्द पक्के व्हायला जास्त फेऱ्या लागल्या, मात्र जे पक्के झाले ते शेवटपर्यंत टिकले. म्हणजे विसरण्यापेक्षा माहिती मनात उतरण्याचा वेग मंदावला होता. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण खराब झाले की संदेश रेंगाळतात, हे मला पायांच्या संदर्भात माहीत होते. विचारांनाही तेच लागू पडते, हे तेव्हा कळले.

एमएस असलेल्यांपैकी सुमारे ४० ते ६५ टक्के लोकांना असा काही त्रास होतो आणि चालणे उत्तम असतानाही तो असू शकतो. म्हणूनच ही चाचणी निदानाच्या वेळीच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पुढचा टप्पा अधिक किचकट होता, कारण थकवा, अपुरी झोप, नैराश्य आणि लघवीच्या त्रासावरची काही औषधे यांमुळेही विचार मंदावतात. माझ्या बाबतीत झोप आणि एक औषध यांत बदल करावा लागला. कामाच्या ठिकाणी मी सूचना लेखी मागते, ऐकलेले लगेच स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवते आणि अवघड काम सकाळी, एका वेळी एकच हाती घेते. वेग वाढलेला नाही. चुकणाऱ्या गोष्टी मात्र कमी झाल्या आहेत. आता चिन्हांची ती चाचणी दर वर्षी होते आणि तिचा निकाल एमआरआयच्या अहवालाशेजारी ठेवून डॉक्टर उपचारांचा विचार करतात.