चोर्ल्याच्या धुक्यात ‘३०० वॅट’: पिकअपला जादा लाइट लावून गोव्यातल्या सत्तरीत जाणाऱ्यांसाठी

निकाल आधी सांगतो. पावसाळ्यात गोव्यातून चोर्ला घाट चढणार असाल तर पिकअपच्या टपावर लाइटबार, म्हणजे एलईडींची लांब पट्टी, लावू नका. कुणी फुकट दिला तरी नको. मी त्याचे बसवणुकीसकट २२,००० मोजले आणि केरी ते चोर्ला हा जवळजवळ अख्खा चढ तो बंद ठेवून चढलो.

सुर्ल्याच्या पुढे सड्यावर एका मित्राची काजूची बाग आहे. तिथे सिंटेक्सची टाकी आणि पत्रे पोचवायचे होते. डांबर संपलं की जांभ्याचा कच्चा रस्ता, आणि जुलैमध्ये त्यावर घोटाभर लाल चिखल. गाडी फोर-बाय-फोर आहे, टायर बरे आहेत, अडकलेली गाडी ओढायचा पट्टा, तो अडकवायची कडी (शॅकल), हवेचा पंप सोबत आहे आणि चिखलात उतरून ढकलायची तयारी आहे, एवढं मी धरून चालतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनी पत्रे टेम्पोवाल्याला द्यावेत.

लाइट म्हापशाच्या बाजूला एका दुकानात घेतले. ‘पात्रांव, ३०० वॅट आहे, ३०,००० ल्युमेन, किलोमीटरभर लख्ख दिसेल,’ दुकानदार म्हणाला. ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप. टपावर बार, बंपरवर दोन चौकोनी दिवे, मागे एक छोटा वर्क लाइट. दुकानाच्या आवारात, कोरड्या संध्याकाळी, भिंतीवर सगळंच झकास दिसतं.

फोंड्याहून निघायला उशीर झाला. साखळीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. केरी मागे पडलं, अंजुणे धरणाच्या वरची वळणं लागली आणि धुकं थेट रस्त्यावर उतरलं. बार लावला. त्यासरशी समोरचा रस्ताच गेला! काचेपुढे नुसता पांढरा पडदा, त्यात चमकणारे पावसाचे थेंब, आणि खाली बॉनेट असं उजळलेलं की डोळे आपोआप त्यावरच जात होते. बंद केला तेव्हा कुठे डाव्या कडेचा पांढरा पट्टा दिसायला लागला.

याचं कारण दुकानात कुणी सांगत नाही. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. प्रकाश त्यांवर आपटतो आणि त्यातला काही आल्या वाटेने परत फिरतो. दिवा तुमच्या डोळ्यांच्या जवळ आणि उंचावर असेल तर परतलेला प्रकाश सरळ डोळ्यांत येतो. दिवा खाली बंपरवर असेल, झोत रुंद आणि वरून सपाट कापलेला असेल, तर तो खालून रस्ता चाटत जातो आणि डोळ्यांसमोरची हवा काळी राहते. पिवळा प्रकाश धुकं ‘भेदतो’ ही लोणकढी थाप आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पिवळा-निळा असा भेद फारसा करत नाहीत. तरी मी पिवळाच घ्या म्हणेन, कारण त्यात डोळ्यांना टोचणारा निळा भाग कमी असतो आणि तासभर गाडी हाकल्यावर तो फरक कळतो.

पुढचं वळण. धुक्यात काहीतरी काळं, बसलेलं. गुरं! पावसाळ्यात गोव्यातली गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात, काळं जनावर आणि डांबर एकाच रंगाचं, आणि हेडलाइटच्या सरळ झोतात कडेचं जनावर येतच नाही. वेग दहा-बाराचा होता म्हणून निभावलं. त्यानंतर जळक्या रबराचा वास सुरू झाला. हजार्ड लावून वळणाच्या पलीकडे थांबलो, डॅशबोर्डखाली हात घातला तर बंपरच्या दिव्यांची वायर चटका बसण्याइतकी तापलेली. रिले (बटणाऐवजी मोठा करंट स्वतः झेलणारा स्विच) नाही, बॅटरीजवळ फ्यूज नाही, जोड नुसते पिळून वर टेप गुंडाळलेली, आणि ती टेप ओली. त्या २२,००० पैकी ३,५०० बसवणुकीचे घेतले होते ते याचे. तिथेच वायर कापून टाकली आणि उरलेला घाट कंपनीच्या डिपरवर, म्हणजे लो बीमवर, चढलो. वर चहा प्यायलो, भजी खाल्ली, कुणाशी बोललो नाही.

परत आल्यावर फोंड्याच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने बारच्या वायरीला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. इंजिन चालू, १३.८ व्होल्ट, करंट ४.७ अँपिअर. गुणाकार करा: ६५ वॅट. ‘तीनशे कुठून आले?’ मी विचारलं. तो हसला, म्हणाला, ‘बाबा, बल्ब मोज.’ शंभर एलईडी, प्रत्येकी ३ वॅटची म्हणून विकलेली. चिप किती झेपवू शकते ते छापतात, तिला प्रत्यक्षात किती मिळतं ते नाही. ल्युमेनचंही तेच, चिपच्या कागदावरचा आकडा गुणून खोक्यावर टाकतात. भिंग, काच आणि उष्णता यांत जे जातं ते कुणी वजा करत नाही. म्हणून दुकानात ल्युमेन विचारू नका. करंट मोजून दाखवायला सांगा. दुकानदाराने मीटर नाही म्हटलं तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा.

आता काय घ्यायचं. पावसाळी घाटासाठी पहिला खर्च खऱ्या फॉग लॅम्पच्या जोडीवर. काचेवर ईसीईची (वाहनांच्या दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) खूण आणि ‘बी’ किंवा ‘एफ ३’ हे अक्षर असेल तर तो फॉग लॅम्प. नुसतं चौकोनी खोकं आणि पिवळी काच म्हणजे फॉग लॅम्प नव्हे, माझ्या बंपरवर तसलेच होते. जमेल तितके खाली बसवा, आणि १० मीटरवरच्या भिंतीवर कापलेली रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे २० सेंटिमीटर खाली येईल असे वाकवा. गाडीत माल भरून वाकवा, कारण मागे टाकी चढली की नाक वर होतं.

लांब पल्ल्याचे स्पॉट कोरड्या हंगामातल्या सरळ रस्त्यासाठी. चोर्ल्याच्या वळणांवर ते फक्त समोरची झाडं दाखवतात. घ्यायचेच तर ५,००० केल्विनच्या वर जाऊ नका; केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर, टांगायचे बेत असतील तर २०१७ मध्येच केंद्राने त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात उपयोगी पडला तो मागचा वर्क लाइट, यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू. बागेच्या अरुंद वाटेवर गाडी वळवायला जागा नाही, रात्री रिव्हर्सच यावं लागतं, आणि कंपनीचा रिव्हर्स दिवा चिखलाने माखला की काजवा बरा. हा मात्र डोळे झाकून घ्या.

वायरिंग स्वतःसमोर करून घ्या. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर, त्याला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १५ चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, आणि ४० अँपिअरचा रिले. स्पॉटच्या रिलेला चालना हायबीमकडून द्या, म्हणजे डिपरवर आलं की स्पॉटही विझतात. फॉगचं बटण वेगळं. बोल्ट स्टेनलेसचे, अॅल्युमिनियम ब्रॅकेटला मध्ये प्लास्टिकचा वॉशर, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत ब्रॅकेट पांढरं भुरभुरतं.

आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन) लिहिलंय म्हणून तापलेला दिवा ओहोळात बुडवू नका. ती चाचणी १ मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते, पण तापलेल्या दिव्यावर गार पाणी आलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. पाण्याआधी थांबा, दिवे विझवा, निवू द्या.

कायद्याचं: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १११ व्या नियमानुसार पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला आधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, तीही अपवाद म्हणून. बागेत लावा, डांबरावर येताना बंद करून कव्हर चढवा. आणि म्हादई अभयारण्याच्या बाजूला रात्री झाडीत झोत टाकत फिरू नका. वनरक्षकाला तुम्ही शिकारीच वाटणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

 

बार अजून माझ्या पडवीत पडून आहे. कुणाला हवा असेल तर ६५ वॅटच्या भावाने देईन. टाकी वर पोचवायची असेल तर केरी दुपारी तीनच्या आत सोडा, मग यातला एकही दिवा लागत नाही.