वासोटा दोघांनीच करायचा असेल तर आधी बोटीचं बोला

वासोट्याला, म्हणजे कोयनेच्या पाण्यातून बोटीनं जायच्या जंगलातल्या किल्ल्यावर, नवरा-बायको दोघंच जाणार असाल तर सगळ्यात आधी एक ऐका: बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दहा-बारा जण दाटीवाटीनं बसा नाहीतर दोघंच पाय पसरून बसा, पैसे तेवढेच. ही साधी गोष्ट आम्हाला एकानंही सांगितली नाही. ज्यांनी ज्यांनी वासोट्याचं कौतुक केलं ते सगळे मोठ्या ग्रुपनं जाऊन आलेले, त्यामुळे "बोटीला फार काही पडत नाही" एवढंच त्यांच्या लक्षात. बारानं भागलं तर नाहीच पडत. दोनानं भागून बघा.

आणि ज्याला हे पक्कं माहीत होतं त्यानं तर मुद्दाम सांगितलं नाही. शनिवारचा मुक्काम ज्याच्याकडे होता, त्यानं फोनवरच "बोट मी लावून ठेवतो, तुम्ही फक्त दोघांचे पाठवा" म्हणत ॲडव्हान्स घेतला. सकाळी बामणोलीच्या धक्क्यावर गेलो तर तिथला माणूस वही चाळून म्हणाला, "ताई, तुमच्या नावानं काय बी नाही हो. आन् तुमी दोघंच का? मग पुरी बोट घ्यावी लागंल." मुक्कामवाल्याला फोन लावला. आधी उचलला नाही, मग उचलला तर "ते मॅडम, मी माणसाला सांगितलेलं, तो विसरला असेल, संध्याकाळी ॲडजस्ट करू". संध्याकाळी कसलं ॲडजस्ट? तो जागेवरच नव्हता. म्हणून सांगते, राहण्याचे पैसे राहण्याला द्या, बोटीचे पैसे बोटीच्या खिडकीवर द्या. मधल्या कुणालाही एक रुपया देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. दराचा फलक शोधा, वाचा, फोटो काढा, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का ते विचारा आणि पावती घ्या.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर परत यायचं, साताऱ्यातच तर राहता. तेच तर जमत नाही. मी बँकेत, म्हणजे मला दुसरा आणि चौथा शनिवार. हा, म्हणजे नवरा, एमआयडीसीत, त्याची सुट्टी शिफ्टबरोबर फिरते. दोघांची सुट्टी एकत्र आली की त्या दिवशी दळण असतं, गॅसवाला येणार असतो, नाहीतर कुणाच्या तरी घरी वास्तुशांत असते. लग्न झाल्यापासून "एकदा वासोटा करू" चाललंय. शेजारचे काका तर दिसले की विचारायचे, "साताऱ्यात राहून वासोटा नाही?" तेव्हा धक्क्यावरून परत फिरणं हा पर्यायच नव्हता.

मी सरळ धक्क्यावर फिरायला लागले. जो ग्रुप दिसेल त्याला विचारायचं, "दोन जागा आहेत का?" कराडकडची कॉलेजची मुलं होती, त्यांचे दोघे आयत्या वेळी गळले होते. आमचे दोघांचे पैसे त्यांना सुटले, त्यांची बोट आम्हाला मिळाली. हे शनिवार-रविवारी हमखास जमतं, लाजू नका. फक्त ग्रुप निवडताना पायांकडे बघा. आमच्या मुलांपैकी तिघांच्या पायात गुळगुळीत तळाचे पांढरे शूज होते आणि एकाच्या खांद्यावर मोठा स्पीकर. मला तिथंच कळायला हवं होतं म्हणा, पण त्या वेळी दुसरी बोट नव्हती. बोट एकत्र घेतली की तुमचं घड्याळ त्या ग्रुपच्या ताब्यात जातं. सगळ्यात हळू चालणारा जेव्हा खाली उतरेल तेव्हा तुम्ही परत निघणार.

वनखात्याची परवानगी बामणोलीतच घ्यायची, ओळखपत्र लागतं. रांग असते. शेंबडी आणि मुनावळ्यातूनही बोटी सुटतात, पण आम्ही बामणोलीतून गेलो म्हणून तिथलंच सांगते. साताऱ्याहून बामणोली साधारण ३५ किलोमीटर: समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वरचा घाट, कास, मग खाली. शनिवारी दुपारी निघालो, तलाव बघितला, जेवलो, झोपलो. छान होतं. पण साताऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांनी मुक्काम करण्याचं काही कारण नाही, पहाटे निघा आणि खिडकी उघडायच्या आधी धक्क्यावर उभे राहा. जानेवारीत गेलात तर कासवर फुलं शोधू नका, तेव्हा तिथं नुसतं वाळलेलं गवत.

बोटीत दीड तास. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं पाणी, १०५ टीएमसीचा (म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचा) तो साठा आपण शाळेत पाठ केलेला असतो, पण त्यावरून दीड तास इंजिनाच्या आवाजात गेल्यावर १०५ म्हणजे किती ते कळतं. बोलता काहीच येत नाही. सकाळी थंडी अशी की जॅकेट काढवत नाही, आणि परतताना त्याच बोटीत डोक्यावर ऊन. टोपी न्या. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं तेव्हा काठ आणि जंगल यांच्यात उघड्या गाळातून चालावं लागतं, म्हणून एप्रिल-मेच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यात जाणं बंदच असतं. आणखी एक, बायकांसाठी: धक्क्यावरच सगळं उरकून घ्या. पुढे सोय आहे असं धरून चालू नका.

बोट गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला लागते. इथं वनखात्याची चौकी, आणि इथं ते तुमच्या पिशवीतलं प्लास्टिक मोजतात. गंमत नाही, खरंच एकेक मोजतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चिक्कीचा कागद, सगळं लिहून घेतात, अनामत घेतात आणि परत आल्यावर तेवढंच दाखवलं तर पैसे परत. मला ही पद्धत मनापासून आवडली, सगळ्या गडांवर हवी. पण वेळ जातो. आमच्याकडे स्टीलच्या बाटल्या आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी-ठेचा, आम्ही पटकन सुटलो. मुलांकडे अख्खं किराणा दुकान होतं. त्यांचे वेफर्स मोजून होईपर्यंत अर्धा तास गेला. नावाडी वर बघत म्हणाला, "चारच्या आत बोटीत पायजे. अंधार करायचा नाही." आणि ते बरोबरच आहे. इथं मुक्कामाला परवानगी नाही, हे कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. गवे आहेत, अस्वलं आहेत. संध्याकाळी त्यांची वेळ.

"दीड तासात वर पोचता." हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याला मला भेटायचंय. आम्ही दोघं जमेल तेव्हा सकाळी अजिंक्यतारा चढून उतरून कामावर जाणारी माणसं, तरी आम्हाला दोन तासांच्या वर लागले. ओढ्याजवळचा मारुती, मग जंगल. जंगलाचं फार सांगत नाही. वाट मळलेली, सावली गार, शेकरू दिसलं, चढ बेताचा. पुढे नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा फुटतो, तिथं पाटी बघून वळा. ओढ्यानंतर वाटेत पाणी धरू नका. वर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर कमी पाणी नेऊ नका, माणशी तीन लिटर घ्या.

जंगल संपलं की सावली संपते आणि खरा वासोटा सुरू होतो. तिथून पडक्या दरवाजापर्यंतचा टप्पा. मी त्याच्याबद्दल रागानं लिहितेय हे मला कळतंय, पण कुणीतरी लिहायलाच हवं. चढताना नुसता दम लागतो, त्याचं काही नाही. उतरताना तो अंगावर येतो. वाट उभी, खाली मुरूम, मुरमावर बारीक खडी, खडीवर वाळलेलं गवत. बुटाची पकड कितीही चांगली असो, खडी बुटाखालून निघून जाते. सगळा घसारा. धरायला झाड नाही, आणि जे गवत हातात येतं ते मुळासकट येतं. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच अरुंद वाटेवर. वरच्यानं दगड सोडला की खालच्यानं ओरडायचं. पांढऱ्या शूजवाल्यांपैकी एक जण सरळ बसला आणि बसूनच उतरायला लागला, त्याच्यामागे वीस माणसांची रांग. हा माझ्यापुढे होता, दर चार पावलांनी मागं वळून "जमतंय ना?" विचारायचा. शेवटी मी म्हणाले, पुढे बघ, तू पडलास तर मीही तुझ्यावरच येणार आहे.

याच टप्प्यावर पाच-सहा वर्षांची पोरं कडेवर घेऊन उतरणारे बाप बघितले. नका हो आणू. बोटीतून फिरवा, संगमावरच्या दत्तमंदिराला न्या, इथं नका आणू. उतरताना घाई नको, एक पाऊल रुतल्याशिवाय दुसरं उचलू नका, आडवे पाय टाका, पुढच्याशी दहा-बारा फूट अंतर ठेवा. काठी घरून आणा. तिथली कारवी तोडून काठी करणारे दिसतात, ते अभयारण्यात करू नका. आणि वरून निघायची वेळ ठरवताना चढायला लागला तेवढाच वेळ उतरायला धरा. "उतरताना काय, अर्ध्या वेळात" हे इथं खोटं आहे.

वर मात्र. दरवाजातून आत गेलं की बिनछपराचा मारुती, पुढे महादेवाचं देऊळ, जोडटाकी, काळकाईचं ठाणं. हे सगळं बघा, पण वेळ कमी असेल तर सगळं सोडून बाबूकड्यावर जा. अर्धगोल आकाराचा कडा कोकणात एकदम तुटतो आणि खाली बघितलं की पोटात गोळा येतो. समोर जुना वासोटा नावाचा डोंगर. १८१८ साली इंग्रजांनी त्या समोरच्या डोंगरावर तोफा चढवून हा गड घेतला, हे वाचताना नुसतं वाक्य असतं, तिथं उभं राहून मधलं अंतर बघितलं की पटतं, एवढ्या जवळून मारा झाल्यावर कोण काय करणार. आणि त्याच्या आधी याच गडावरून, गड लढवणाऱ्या ताई तेलिणीनं पेशव्यांच्या बापू गोखल्यांच्या फौजेला महिनोन् महिने दाद दिली नव्हती. खाली फौज, वर ती. ती ज्या वाटेच्या जोरावर लढली त्याच वाटेला मी मघापासून शिव्या देतेय.

कड्यावर बसून भाकरी खाल्ली. वारा इतका की ठेचा डोळ्यात जाईल. हा म्हणाला, "पैसे वसूल." मुक्कामवाल्याचे धरून? तर म्हणे ते सोडून. मला तिथं वाटलं होतं की दर महिन्याला यावं, आणि दीड तासानं घसाऱ्यावर वाटलं की परत नाव काढायचं नाही. दोन्ही मतं अजून कायम आहेत, तुम्ही तुमचं बघा.

खाली आम्ही साडेतीनलाच होतो. मुलं आली साडेचारला. मग चौकीवर प्लास्टिक परत मोजलं तर त्यांची एक बाटली कमी. तो स्पीकरवाला म्हणतो दुसऱ्याकडे होती, दुसरा म्हणतो स्पीकरवाल्याकडे. अनामत गेली, नावाडी चिडला, आणि परतीचा अर्धा प्रवास काळोख पडत असताना झाला. बामणोलीत उतरून गाडी काढेपर्यंत मिट्ट अंधार. कासचा रस्ता रात्री अरुंद वाटतो, समोरून येणारे पर्यटक हेडलाइट खाली करत नाहीत, आणि यवतेश्वरच्या वळणांवर दुचाकीवाले गाणी म्हणत येतात. पेट्रोल साताऱ्यातूनच भरून निघा.

तर थोडक्यात माझा सल्ला: डिसेंबर किंवा जानेवारीत जा, रविवार टाळता आला तर टाळा, आणि ओळखीची आणखी आठ-दहा माणसं जमवा, सासर-माहेर मिळून जमली तरी चालतील. दोघांनीच जायची हौस असेल तर पुरी बोट घ्या आणि पैशांबद्दल नंतर बोलायचं नाही असं घरातच ठरवून निघा. गुडघे दुखत असतील तर जाऊ नका. आणि सोमवारची रजा मिळत असेल तर आधीच टाकून ठेवा. मला मिळाली नाही. आमची शाखा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.