बर्गे बसले, आता गळती

आज दिवसभर माणगंगेवरच्या एका केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यावर. परतीचा पाऊस ओसरला की बर्गे, म्हणजे खांबांच्या मधे पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्या, टाकायचे. घाई केली आणि मागून पूर आला तर पाणी बाजूच्या भरावाला भिडतं, काठ कापून निघून जातं; उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. या दोन्हींच्या मधे मिळतात ते मोजके दिवस.

बर्गा टाकण्याआधी तो बसतो ती खांबातली खाच आणि तळाचा उंबरा खरवडून घ्यायचा. सुपारीएवढा खडा अडकला तरी खालचा बर्गा तिरका बसतो, मग वरचे सगळे तिरके. गळती थांबवणारी रबरी पट्टी बोटानं दाबून बघा. उन्हानं कडक झाली असेल तर बदलाच, ग्रीस फासून भागत नाही. पूर्वी लाकडी बर्ग्यांच्या दोन रांगा आणि मधे माती असायची. कष्टाचं काम, पण गळत कमी होतं!

गळतीकडे 'थोडंसंच आहे' म्हणून बघू नका. मिनिटाला १५ लिटरची एक बादली म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. दहा हजारी दोन टँकर भरून वर उरेल एवढं.

बंधारा कुणाचा हे आधी विचारा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असेल तर जिल्हा परिषद, त्यापुढे ६०० पर्यंत राज्याचा मृद व जलसंधारण विभाग. दुरुस्तीचा अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की हंगाम गेलाच. आणि उन्हाळ्यात काढलेले बर्गे मोजून, नंबर टाकून, कुलपात ठेवा. भंगारवाल्याला त्यांचं वजन पाठ असतं.